मांजरीसाठी कापलेली जाळी

माझी थोरली नणंद नर्स होती. वॉर्डात तिचा आवाज कधी चढला नाही, पण परसातल्या घेवड्यावरून मात्र चढला. ते बी तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातचं, शेवटचं. सशांनी रोपं कुरतडली म्हणून तिने स्वतः चर खणून जाळी वीतभर जमिनीत पुरली होती. तरी सकाळी पाहते तर एकच वेल शिल्लक, आणि जाळीला तळाशी सुबक चौकोनी भोक.

"हे कुणी कापलं?"

"मीच," तिचे यजमान म्हणाले. "मनीला आत जायला. म्हटलं, ती सशांना पळवेल."

मनी उरलेल्या वेलाखाली पसरून झोपली होती.

"झोपाळू राखणदार घरात एक होता, तो पुरत नव्हता? आणि चोरांना दार तुम्हीच कापून दिलंत."

तिने तार आणली आणि जखमेला घालावेत तसे टाके घालून भोक बंद केलं.

"अगं, मनी आत राहिली."

"तिला मी आणते. राखणीला आता तुम्ही आत बसा."

ते खुर्ची घेऊन जाळी ओलांडून वेलापाशी गेले. वेलाला शेंगा धरेपर्यंत त्यांचा चहा तिथेच पोचत होता, बिनसाखरेचा.