अक्कांचं उभं चित्र

माणसाचं कोपर नेमकं कुठे येतं, या काळजीने अख्ख्या खान्देशात एकाच माणसाची भूक मेली असेल, आणि तो माणूस जळगावच्या मेहरूणला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पारोळ्यात आयुष्यभर कपडे शिवले, सुईत दोरा ओवता येईना तेव्हा दुकान बंद करून जळगावात मुलाकडे आले, आणि एक दिवस सुनेच्या मोबाइलवर माणसाचं चित्र कसं काढावं याचा व्हिडिओ पाहून बसले. उभा माणूस त्याच्याच डोक्याच्या मापाने साडेसात डोकी भरतो, हे ऐकल्यापासून त्यांना चैन नाही. दूधवाला येवो की मी जावो, ते एक डोळा मिटून, हात ताठ करून पेन्सिल रोखतात. गल्लीत नव्याने आलेल्या एका बाईंचा त्यावरून भलताच गैरसमज झाला. तो दूर करायला अक्कांना, म्हणजे आबांच्या बायकोला, जावं लागलं.

कुतूहल तर असं, की माझा खांदा निखळला तेव्हा भेटायला आलेले आबा "दुखस का भाऊ?" म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता पट्टीखालून चाचपत, "हाई हाड पुढे कथा जास?" म्हणून त्या हाडाचा पुढचा रस्ता मलाच विचारू लागले. शिवणात पुढेमागे सैल करायला कापड राखतात, त्याला माया म्हणतात. ती सवय हातातून जाईना, त्यामुळे त्यांच्या कागदावर आम्ही सगळे चांगलेच अंगाने भरलेलो. विचारलं तर म्हणत, "माणूस उद्या जाडा व्हई तर?" खरी पंचाईत मात्र उभ्या माणसाची. कोणी उभा राहिला की आबा चित्र काढत गुडघ्यापर्यंत येतात, मग घरी आलेल्याला उभं ठेवल्याची लाज वाटते आणि तोंडातून निघून जातं, "बस ना भाऊ, उभा काबर शेस?" माणूस बसतो, चहा येतो, चित्र तिथेच राहतं. घरी आलेल्या एकालाही आबांनी अजून पाऊल दिलेलं नाही.

हा सगळा खटाटोप एका चित्रासाठी होता. घरातल्या प्रत्येक फोटोत अक्का कोणाच्या तरी मागे, नाहीतर कडेवरच्या नातवाआड. आबांना अक्का बैठकीच्या भिंतीवर डोक्यापासून पावलापर्यंत हव्या होत्या. अक्का स्वयंपाकघराच्या चौकटीशी बिचाऱ्या उभ्या राहत, चित्रात बाई छान उतरे, पण ती अक्का नसे. आबा कागद फाडत. माझ्या लक्षात आलं, की ते त्यांच्याकडे बघतच नव्हते. लग्नापासून अक्कांची पोलकी त्यांनीच शिवली, सगळी मापं तोंडपाठ, त्यावरूनच रेघा ओढत होते. मी म्हटलं, "आबा, माप सोडा. नुसतं बघा."

त्या दुपारी त्यांनी बघितलं. पाठीची रेघ मानेखालून निघाली आणि पुढे झुकत गेली, खांदे तिच्यामागे आले, साडेसात डोकी काही भरेनात. मध्येच आबांचा हात थांबला. मग त्यांनी पावलापर्यंत चित्र पुरं केलं. गल्लीतल्या कोणीही ओळखलं असतं, इतक्या त्या अक्का होत्या. मला फार आनंद झाला.

अक्कांनी हात पुसून कागद घेतला, बराच वेळ पाहिला. "इतली वाकी गई का मनी पाठ?"

कोपराच्या जागेवरून माझ्याशी तासभर भांडणारे आबा चटकन म्हणाले, "नही वं. मनं माप चुकनं. मी आखो शिकी राहिनू."

"मंग परत काढा," म्हणत अक्का चौकट धरून जमेल तेवढ्या ताठ उभ्या राहिल्या. आबांनी नवा कागद घेतला. गुडघ्यापर्यंत आले आणि पेन्सिल खाली ठेवली. "बस आते. तुना पाय दुखतीन."

बैठकीतली भिंत अजून रिकामीच आहे. ते पुरं झालेलं चित्र आबा कधीकधी मला एकट्याला दाखवतात, आणि मग कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून देतात. अक्कांचा हात आता तिथवर पोचत नाही.