खिडकीतला घास

"आजोबा, आधी सॉरी म्हणा."

हे मॅडम नाही बोलल्या. तिसरीतली पोरगी बोलली. छातीवर चमकता बिल्ला. मॅडम बाजूले उभ्या राहून कौतुकानं पाहून राहिल्या होत्या.

माही नात चिमी मान खाली घालून उभी. मनगटावर लाल फीत. वर्गात गोंधळ घालणाऱ्या लेकराले फीत, अन् त्याच्यावर एक शहाणं लेकरू नेमलेलं. ते म्हणेल तवा उठाचं. ते म्हणेल तवाच डब्बा खोलाचा.

"मुलंच मुलांना सुधारतात," मॅडम म्हणाल्या.

मी वर्गात नजर फिरवली. फीतवाले सारे फुकटच्या जागेवरचे. बिल्लेवाले सारे फी भरणारे.

चिमीचा गुन्हा काय? तिची आजी, माही बायको, उन्हाळ्यात गेली. दहाव्याले पिंडाले कावळा शिवला नाही. चिमीनं पाहिलं. तिले वाटलं, आजी उपाशी राहिली. तवापासून डब्ब्यातला पहिला घास वर्गाच्या खिडकीत ठेवे. कावळे येत. पोरं वरडत. शिकवणं बंद.

हेच सांगाले गेलो होतो. तोंडातून निघालं, "सॉरी, बाई."

हातबी जोडले. जन्मभर इतवारीच्या बाजारात हातठेला ओढला. मोठ्या घरचं लेकरू दिसलं का हात आपोआप जुळतात.

"गुड," पोरगी म्हणाली.

पंधरवडा गेला. तक्रार नाही. एका सांजेले भाकर वाढली. चिमी ताटाकडं पाहत बसली.

"खा ना वं."

"घास घेऊ काय, आबाजी?"

आपल्याच घरात. आजीच्या चुलीपुढं.

"आजीचा घास ठेवतं का नाही शाळेत?"

तिनं मान हलवली. नाही.

मॅडमचं खरं होतं. पोरगी सुधारली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन चिमीची फीत सोडली अन् मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे नियमात बसत नाही. तिला इथे ठेवता येणार नाही मग."

"नका ठेवू."

"शिकवाल कुठे?"

चिमीचं दप्तर उचललं अन् निघालो. दुसरी शाळा आजबी भेटली नाही. पोरगी घरीच आहे. तिचा बाप कळमेश्वरच्या कंपनीतून सुटीले येते, मलेच बोलते. बोलो. बायको असती तं काही सुचवलं असतं. पण तीच नाही.

चिमे, मी मेलो का माह्या पिंडाले कावळा शिवो नाही तं नको शिवो. तुले वाटलं तं घास ठेवजो. कोणाले विचारू नको.

अन् हे हात. हे आता जुळाचे नाही. चितेवर ठेवान तवाबी सुटेच राहू द्या.