डाळिंबाच्या पानातलं नाव

"वहिनी, तुम्ही जरा मागे थांबता का? हे फोटो इंडियात जातात. उगीच कुणी काही विचारायला नको."

मंडळाच्या अध्यक्षबाई हसून म्हणाल्या. हसून सांगितलं की अपमान होत नाही, असं त्यांना वाटत असावं. मी मागे गेले. दोन हजार पाच सालचा गणपती, नेदरलँड्सच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या एका शाळेच्या जिमचा हॉल, आणि मी दाराशी, चपलाबुटांच्या ढिगापाशी. समोर बाप्पा. बाप्पाच्या मागे भिंतभर पडदा, व्यायामाच्या शिड्या झाकायला लावलेला. तो मी रंगवला होता. डाळिंबाची बाग, पाण्याचा पाट, वर निळं आकाश. माझ्या इस्फहानची बाग.

बाईंनी माइक घेतला. "यंदाची सजावट आपल्या कार्यकर्त्यांनी मिळून केलीय. जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. माझ्या नवऱ्यानंही वाजवल्या.

मी इराणी. चित्रकार. माझं नाव ऐकलं की धर्म कळतो. शिकायला पुण्यात आले, तिथल्याच मराठी मुलाशी लग्न केलं. मराठी सासूबाईंकडून शिकले, म्हणून त्यात टोमणे जास्त. पुढे नवऱ्याची आयटीतली नोकरी आम्हाला इथे घेऊन आली. "आमच्या घरातच चित्रकार आहे," असं मंडळात मिरवून पडद्याचं काम त्यानंच आणलं होतं. सगळा उन्हाळा मी घरच्या हॉलमधला सोफा बाजूला सारून जमिनीवर ती बाग रंगवली. गुडघे सुजले. आनंदानं केलं, खोटं कशाला बोलू.

टाळ्या चालू होत्या तेव्हा मी कडेकडेनं पडद्यापाशी गेले आणि माझं पान शोधलं.

इस्फहानला मी लहानपणी एका उस्तादांकडे शिकायचे. फुलं, पानं, चित्राचे काठ आम्ही मुली रंगवायचो. सही उस्तादांची. एकदा मी म्हटलं, ही बाग मी काढलीय. ते म्हणाले, "चित्र तर तुझंच आहे. नाव कशाला हवं?" सगळ्या मुली खाली बघत राहिल्या. मीही. पण त्या दिवसापासून मी नाव लपवायला शिकले. सगळ्यात खालच्या डाळिंबाशेजारचं पान. त्याच्या शिरांमध्ये, फारसीत, केसाएवढ्या रेघेनं. पुढे स्वतःची चित्रं झाली, प्रदर्शनं झाली, तरी माझी सही तिथेच राहिली. कुणाला दाखवली नाही. फक्त एका माणसाला दाखवली. लग्नाआधी, पुण्यात, त्याचं बोट धरून त्या पानावर ठेवलं होतं.

आता ते पान सपाट हिरवं होतं. शिरा नाहीत. वरून रंग फासलेला. पडदा लावताना कुठे रंग उडाला तर असावा म्हणून माझा रंगांचा डबा स्टेजमागे ठेवला होता, त्यातलाच हिरवा.

अध्यक्षबाईंना ते पान जन्मात सापडलं नसतं. मंडळातल्या कुणालाच नाही. परक्यांनी दाराशी उभं केलं, ते सोसलं असतं. इथे कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

तो जवळ आला तेव्हा विचारलं. "तू केलंस?"

"अगं, सध्या वातावरण कसं आहे बघतेस ना? बाप्पाच्या मागे ती अक्षरं... कुणी ओळखली असती तर? आणि चित्र तर तुझंच आहे. नाव कशाला हवं?"

तेच वाक्य. उस्तादांचं फारसीत होतं, ह्याचं मराठीत. दोन देश सोडून मी इथवर आले आणि ते माझ्याआधी येऊन उभं.

आरती पूर्ण होऊ दिली. गणपतीशी माझं भांडण नव्हतं. मग स्टेजमागून डबा घेतला, खुर्ची ओढली आणि चढले. बाप्पाच्या शेजारी, निळ्या आकाशात, लाल रंगात माझं नाव लिहिलं. माझं आणि माझ्या बापाचं. फारसीत नाही, देवनागरीत. सगळ्यांना वाचता यावं म्हणून. अक्षरं वाकडी आली.

"वहिनी! बाप्पासमोर हे काय?" अध्यक्षबाई पुढे आल्या.

"ह्याच बाप्पानं महाभारत लिहून दिलं ना? सांगितलं कुणी, लिहिलं कुणी, दोन्ही नावं तुम्हाला पाठ आहेत. आता हेही नाव पाठ करा."

नवरा खुर्चीपाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "खाली उतर. लोक बघतायत."

"बघू देत."

घरी त्यानं माफी मागितली. मी ऐकून घेतली. दिली नाही.

लपवलेलं नाव रंगाच्या एकाच हातानं पुसता येतं, हे मला त्यानं शिकवलं. आता मी कोऱ्या कॅनव्हासवर आधी सही करते. मधोमध, मोठी. मग तिच्याभोवती बाग काढते. फांद्या अक्षरांतून जातात, पाणी अक्षरांखालून वाहतं. ज्याला माझं नाव नको असेल, त्यानं सगळी बाग पुसावी. आणि ती मी समोर उभी असताना पुसावी.