सहा चाळीसची पाण्याची पार्टी

गुरुवारी पहाटे पाच चाळीसला मी मोशीच्या स्टॉपवर उभा होतो. हातात डबा, बूट चकचकीत. पाच पन्नास झाले तरी कंपनीची बस नाही. मी ड्रायव्हरला फोन लावून झापलं. "दहा मिनिटं लेट! फौजेत असतास तर पाठीवर पिट्टूचं ओझं लावून पळवला असता."

"साहेब," तो अंथरुणातूनच बोलला, "आज गुरुवार हाय. सुट्टी. झोपा की राव."

शुक्रवारी त्याने हे अख्ख्या बसला सांगितलं. एचआरच्या मॅडमनीही ऐकलं. "काका, सुट्टीलासुद्धा वेळेवर हजर! सोमवारी शिफ्टच्या आधी दहा मिनिटं बोला. टाइम मॅनेजमेंट, फौजी स्टाइल. मोटिव्हेशनल हवं हं." मी डिस्पॅचला सुपरवायझर. कुठली गाडी किती वाजता सुटणार, याचा तक्ता माझ्या टेबलावर रोज तयार असतो. हो म्हणालो.

सोमवारी साठ माणसांसमोर उभा राहिलो आणि ठरवलं त्याहून वेगळंच बोललो.

मी हवालदार होतो. काश्मिरात, एलओसीवरच्या एका पोस्टवर. आम्ही नऊ जण, पोस्ट माझ्या ताब्यात. पाणी चारशे मीटर खाली, ओढ्यावर. रोज दोन जवानांची पाण्याची पार्टी जेरीकॅन घेऊन उतरायची. ओढ्याजवळचा वाटेचा एक तुकडा समोरच्या शत्रूच्या पोस्टवरून दिसायचा. म्हणून आदेश होता : पाण्याची वेळ रोज बदला.

पहिला आठवडा बदलली. मग कधी चहाला उशीर, कधी पहाऱ्यावरचा संत्री बदलायला उशीर, सगळ्यांची कुरकुर. मी तक्ता केला. पाणी ०६४०. चहा ०७१५. हत्यारांची सफाई ०८००. पोस्ट घड्याळासारखी चालू लागली. शिपाई नामदेव म्हणायचा, "साहेब, तुमच्या पोटातच घड्याळ बसवलंय का?" मला ते आवडायचं.

कंपनी कमांडर पाहणीला आले. तक्ता पाहून खूश झाले. निघताना विचारलं, "पानी का टाइम बदलते हो ना?"

"जी साब," मी म्हणालो.

तीन आठवडे ०६४० चाललं. त्या दिवशी धुकं नव्हतं. नामदेवने खांद्यावर जेरीकॅन घेतला आणि थांबला. "साहेब, आज लई उघडं हाय. जरा थांबू का?"

मी बाहेर पाहिलं नाही. घड्याळ पाहिलं. "सहा चाळीस झाले. चल, निघ."

०६५२ ला एक गोळी. एकच. नामदेवबरोबरचा जवान दगडाआड अडकला. मी वायरलेस सेट उचलला.

"बेस, बेस, पोस्ट दोन. एक फायर. एक कॅज्युअल्टी, पाण्याजवळ. ओव्हर."

"नाम?"

नामदेवचं नाव सांगितलं. धुराचे स्मोक बॉम्ब टाकून, सरपटत मी ०७३१ ला त्याच्यापर्यंत पोचलो. तोवर तो गेला होता. दुसऱ्या जवानाला घेऊन वर आलो, तेव्हा चुलीवरचं चहाचं आधण आटून भांडं करपलं होतं.

चौकशीत खरं सांगितलं. सिव्हिअर रिप्रिमांड मिळाली, म्हणजे कडक लेखी ताकीद. एक कागद.

एवढं सांगून समोरच्या साठ माणसांना मी म्हणालो, "कामाची यादी आदल्या दिवशीच करा. सवय लावा. मी अजून करतो. पण निघण्याआधी दाराबाहेर बघा. आणि कोणी थांबू का म्हणालं, तर घड्याळाकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघा."

टाळ्या झाल्या नाहीत. भोंगा झाला, सगळे लाइनवर गेले. मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, मोटिव्हेशनल म्हटलं होतं मी."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. नामदेव फायरिंगमध्ये गेला, एवढंच तिला माहीत होतं. तक्त्याचं आणि त्या "जी साब"चं इतक्या वर्षांत मी तिलाही बोललो नव्हतो. नामदेवची आई लातूरकडे गावी एकटी असते. दर रविवारी दहाला मी तिला फोन करतो. पंधरा मिनिटं. गुडघे, गोळ्या, शेजारणीची म्हैस. हे सोडून सगळं.

ही मेथी निवडत होती. हात थांबले.

"मावशींना ठाऊक आहे?"

"नाही."

तिनं मेथीचं ताट बाजूला सारलं.

"अहो, हे तुमच्या रविवारच्या पंधरा मिनिटांत बसायचं नाही. उद्याच्या गाडीनं जा. आणि परत कधी येणार ते ठरवून जाऊ नका. त्या ऊठ म्हणतील तेव्हाच उठा."