शेवटच्या लाल गाडीवरचा घण

एसटीच्या शिराळा डेपोतली कुठली जुनी लाल गाडी कवा भंगारात गेली, हे निवृत्त मेकॅनिक आकारामला तोंडपाठ होतं. आता त्यातली एकच उरली होती. तीही मलकापुरात मोडायला आणल्याचं कळताच तो धावत पोचला. दसऱ्याचा वाळका हार गाडीच्या तोंडावर तसाच, आणि भंगारवाला तिच्यावर घण घालत होता.

“मुडद्या, हार तरी काढायचास!” आकारामनं त्याच्या कानाखाली जाळ काढला.

“आवं, मोडायचीच हाय न्हवं?”

“व्हय. पण आमा मेंढरंवाल्यांत घरचं बकरं परक्याच्या सुरीला देत न्हाईत.”

त्यानं हार कपाळाला लावला, घण हिसकावला आणि अकरा वेळा स्वतः खोलून बसवलेल्या इंजिनावर घाव घातला. तळहात फुटून रक्त आलं, तरी घण कुणाला दिला नाही.