स्पिटफायरवाल्याचा जळफळाट

मला लढाऊ विमानांचं वेड लागलं तेव्हा मी एकही विमान पाहिलेलं नव्हतं. हिंगोलीच्या बाजारात माझं शिंप्याचं दुकान होतं. कोटाचे, सदऱ्यांचे नमुने आधी कागदावर बेतायचे आणि मग कापडाला कात्री लावायची, ही आमची रीत. त्यासाठी रद्दी लागायची आणि ती वाशीमहून यायची. मधे कनेरगावचा नाका होता. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. नाक्यावरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई माझे गठ्ठे सोडून, विस्कटून बघायचा आणि काही सापडलं नाही म्हणून चडफडत परत बांधायचा. त्या गठ्ठ्यांत इंग्रजी साप्ताहिकं असायची, आणि लढाईची वर्षं असल्यामुळे त्यांत पानोपानी विमानं असायची.

सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर माझ्याच वयाचा होता. सदऱ्याचं बटण लावून घ्यायला तो एकदा आला, आणि मी एक पान कात्री न लावता बाजूला ठेवतो आहे हे त्याने पाहिलं.

"हे काहून न्हाई कापलं, मास्तर?"

"कापवत न्हाई," मी म्हणालो.

त्याने पान हातात घेतलं. औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्याला इंग्रजी बरं यायचं. मला फक्त आकडे कळायचे. चित्राखालचं नाव त्याने वाचून दाखवलं. स्पिटफायर. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की माझ्याकडे यायचा, यंत्रासमोरच्या स्टुलावर बसायचा, आणि आम्ही जुन्या पंचांगांत चित्रं चिकटवायचो. खळ ज्वारीच्या पिठाची होती, त्यामुळे उंदरांनी दोन बाँबर खाल्ले. मला त्याचं काडीचं दुःख झालं नाही. बाँबर मला आवडायचेच नाहीत.

काहून, असं कंपाउंडर नेहमी विचारायचा. खरं सांगायचं तर आमच्या आवडीनिवडीला कसलाच आधार नव्हता. नावडतीचं मीठ अळणी, त्यातला प्रकार. हरिकेन नावाचं विमान लढाईत फार कामाचं ठरलं असं सगळी साप्ताहिकं सांगायची, पण त्याला पोक होतं. शिकाऊ माणसाने पाठीत कापड जास्त सोडलेला कोट असावा तसं ते दिसायचं. मी त्याचं चित्र नेहमी मागच्या पानावर लावायचो. लायसँडर नावाच्या विमानाचे पंख खांद्यावर चुकीच्या जागी जोडलेल्या बाहीसारखे होते. ते बघितलं की माझे हात शिवण उसवायला शिवशिवायचे. आणि स्पिटफायर! त्याच्या पंखाची गोलाई मी खडूने कापडावर काढून बघितली होती. तशी बाही मला जन्मात बेतता आली नाही. ज्याने ते बेतलं तो इंजिनियर असेल नसेल, शिंपी मात्र नक्की होता.

कंपाउंडरचं निराळंच. उडाल्यावर चाकं पोटात घेणाऱ्या विमानावर त्याचा विश्वास नव्हता. "जे आपले पाय लपवते, त्याचा काय भरवसा जी?" असं तो गंभीरपणे म्हणायचा. त्यामुळे माझं स्पिटफायर त्याच्या लेखी लबाड, आणि चाकं कायम बाहेर ठेवणारा तो बेढब लायसँडर त्याचा देव. मी एकदा त्याला जर्मनांचं एक बाँबफेकं विमान दाखवलं, चाकं चांगली बाहेर लोंबत होती. म्हणालो, आता बोला. तो म्हणाला, "ते दुश्मनाचं हाय, त्याचं न्हाई धरायचं." आपला तो बाब्या! आठ दिवस आम्ही भांडलो. एकदा शहरावरून फार उंचावरून एक ठिपका गेला, त्यावर तर महिनाभर वाद चालला. तो माझं ऐकून घ्यायचा. मी बोलायला लागलो की हनुवटी पुढे काढून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघायचा, जसं काही मी आत्ताच विमानातून उतरून दुकानात आलो आहे. घरात, बाजारात, भाऊबंदांत माझ्याकडे असं कुणीही कधी बघितलेलं नव्हतं.

लढाई संपल्यावर तो फौजी आला.

जवळच्या तांड्यावरचा होता. पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर विमानांच्या धावपट्ट्या बांधायच्या कामावर गेलेला. कंपाउंडर त्याला दवाखान्यातूनच हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला, लग्नातल्या नवरदेवासारखा. "मास्तर, हे खरे विमानं पाहून आले! हात लावून आले!" असं त्याने उंबऱ्यातूनच ओरडून सांगितलं. मी यंत्राचं चाक थांबवलं नाही.

कंपाउंडरने पंचांगं त्याच्या पुढ्यात ठेवली. तो पानं उलटत गेला. माझी स्पिटफायरची पानं, चार-चार चित्रं, खडूने काढलेल्या रेषा, सगळं त्याने हूं हूं करत उलटलं. शेवटच्या एका पानाच्या कोपऱ्यात, जागा रिकामी राहिली म्हणून, मी डकोटाचं एक मळकं चित्र लावलं होतं. तिथे तो थांबला.

"हे," तो म्हणाला. बोट ठेवून नुसता बघत राहिला.

डकोटा! बंदूक नाही, तोफ नाही, पोट सुटलेलं, दोन पंख्यांचं माल वाहायचं विमान. मी हसून म्हणालो, "ही तर गाभण म्हैस हाय."

"व्हय," तो शांतपणे म्हणाला. "म्हशीवानीच आवाज करते. पयले जमीन हालते, मंग आवाज येते, मंग ती दिसते." मग तो तेलाच्या वासाबद्दल बोलला, तापलेल्या पत्र्याबद्दल बोलला, दार उघडल्यावर आतून येणाऱ्या तांदळाच्या पोत्यांच्या वासाबद्दल बोलला. माझ्या कुठल्याही चित्राला वास नव्हता. मी मान वर केली तर कंपाउंडरने स्टूल फिरवलं होतं. त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि हनुवटी पुढे काढून, डोळे बारीक करून तो त्या फौज्याकडे बघत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायको दुसऱ्याशी हसून बोलली तर माणसाला काय होतं ते मला ठाऊक नाही, माझी बायको कुणाशीच हसून बोलत नसे. पण ते याहून वाईट असेल असं वाटत नाही. पुढे पुढे कंपाउंडर दुकानात यायच्या आधी फौज्याबरोबर चहा पिऊन यायला लागला. पायांची आणि चाकांची भाषा बंद झाली. "फौजी म्हणतेत," हे त्याच्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला यायला लागलं. फौजी म्हणतेत स्पिटफायर चिखलात नाक खुपसते. फौजी म्हणतेत डकोटावानी विमान न्हाई. चाकं पोटात घेणारी डकोटासुद्धा त्याला चालायला लागली! मी डकोटाचं ते चित्र खरवडून काढायला बसलो, पण खळ पक्की बसली होती.

एवढ्यात त्या फौज्याने माझ्याकडे विजार शिवायला टाकली. आम्ही पायाचं माप एकाच बाजूचं घेतो, उजव्या पायाचं, आणि दुसरा त्यावरून बेततो. मी माप घेतलं, खडू हातात घेतला, आणि आता कबूल करायला लाज वाटते ते केलं. डावा पाय मुद्दाम अर्धा इंच आखूड बेतला. इतकाच, की घातल्यावर काहीतरी बिघडलंय असं लोकांना वाटावं, पण काय ते सांगता येऊ नये. माझ्या उभ्या धंद्यात जाणूनबुजून केलेली ती एकच चूक.

त्याने दुकानातच विजार चढवून पाहिली. खाली वाकला. दोन्ही पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"मास्तर," तो म्हणाला, "कसं वळखलं तुमी?"

मी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

"तीन शिंपी झाले. एकालाबी न्हाई कळलं. दरवेळी डावा पाय लोळते, घरी दुमडून शिवा लागते. हे पाहा, बराबर बसली."

त्याचा डावा पाय जखमेने आखूड झाला होता. मी त्याला थोडं झुकून चालताना रोज बघत होतो आणि ती फौजी ऐट आहे असं समजून मनातल्या मनात जळत होतो. धावपट्टीवर बाँब पडला तेव्हा मांडी फुटली, दोन दिवस चिखलात पडून होतो, मग डकोटाने आमाला उचलून नेलं, असं त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. पत्र्यावर उताणा पडला होता, शेजारी सतरा जण. वर छताकडे बघत होता आणि पत्रा हलत होता. "आईच्या पाठीवर बांधल्यावानी वाटलं," एवढंच तो म्हणाला आणि पैसे ठेवून विजार घालूनच गेला.

कंपाउंडर माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाला, "वा मास्तर! काय नजर हाय!" कितीतरी महिन्यांनी तो मला वा म्हणाला होता, आणि तेही माझ्या खोडसाळपणाबद्दल. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडंसं. पण खरं सांगतो, मला फौज्याच्या जखमेचाही हेवा वाटला. माझं स्पिटफायर मला कधी कुठून उचलून नेणार होतं?

मग मनाने एकच घेतलं. एकदा, फक्त एकदा, लढाऊ विमान आपल्या डोळ्यांनी जवळून बघायचं. वासाचं, आवाजाचं, सगळं मीही सांगेन, आणि स्टूल पुन्हा माझ्याकडे फिरेल.

अठ्ठेचाळीस साली ती वेळ आली. संस्थानात हत्यारबंद टोळ्यांची भीती वाढली तशी आमच्यासारखी पुष्कळ माणसं नाका ओलांडून वऱ्हाडात गेली होती. मी शिवणयंत्र बैलगाडीत घालून वाशीमकडच्या एका खेड्यात मेहुण्याकडे राहिलो होतो. कंपाउंडर आणि फौजीही त्याच बाजूला होते. भाद्रपदात भारताची फौज आत शिरली. नाक्यावर कुणी उरलं नाही, असं कळल्यावर दोन दिवसांनी आम्ही तिघं गावाकडची खबर काढायला पायी निघालो. कनेरगाव मागे पडलं. रस्ता चिखलाचा, दोन्हीकडे ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, एका वावरात एक बाई निंदत होती.

पहिल्यांदा फौजी थांबला. मग आवाज आला, पाठीमागून, रस्त्याच्या सरळ रेषेत, आणि खाली, फार खाली.

आता इथे माझ्या ज्ञानाने मला खाल्लं. रस्त्याने चाललेल्या माणसांवर विमान खाली उतरून काय करतं, याची चित्रं मी सात वर्षं चिकटवली होती. पंखातल्या बंदुका किती, त्या कुठे बसवतात, गोळ्या रस्त्याच्या रेषेत कशा येतात, हे सगळं मला पाठ होतं. विमान आपल्याच फौजेचं असणार, हेही मला ठाऊक होतं. पण डोकं पाठ केलेलंच बोललं. मी "झोपा! झोपा!" म्हणून ओरडलो, रस्त्याकडेच्या नालीत पालथा पडलो आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून तोंड चिखलात घातलं. जमीन हलली. आवाज माझ्या पाठीवरून गेला, अगदी पाठीवरून, आणि ज्वारीची पानं सळसळली. मी डोळे उघडले नाहीत. आवाज हिंगोलीकडे गेला, बारीक झाला आणि संपला, तेव्हा मी मान वर केली.

ते दोघं रस्त्यावर उभे होते. आभाळाकडे बघत होते.

मी उठलो. सदरा, दाढी, कान, सगळं काळ्या चिखलाने भरलेलं. तोंडातला चिखल थुंकला आणि विचारलं, "काय होतं?" माझा आवाज इतका बारीक निघाला की मला स्वतःचीच किळस आली. सात वर्षं थांबलो होतो मी, आणि आता दुसऱ्याला विचारत होतो!

कंपाउंडरने तोंड उघडलं, पण फौजी आधी बोलला. त्याचे डोळे ओले होते. मी त्याचे डोळे कधी ओले पाहिले नव्हते. त्याने माझ्या खांद्यावरचा चिखल हाताने निपटला.

"तुमचंच होतं, मास्तर," तो म्हणाला. "स्पिटफायर. गोल पंख. लई देखणं."

मला एवढा आनंद झाला की मी हसलो. वावरातली बाई खुरपं हातात घेऊन बांधापर्यंत आली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अवो दादा, पडले काहून तुमी? दोन पंखे व्हते की त्याला, हे एवढालं पोट. म्हशीवानी गेलं बिचारं, कोनाला काई न्हाई केलं."

दोन पंखे, मोठं पोट. मला चित्र दाखवायची गरज नव्हती. फौजी ज्याच्या पोटात निजून जगला होता तेच त्याच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि ते त्याने माझ्यासाठी नाकारलं होतं.

मी कंपाउंडरकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. हनुवटी पुढे काढून, डोळे बारीक करून तो फौज्याकडे बघत होता, आणि या वेळी मला कळलं की मी आणखी शंभर विमानं पाहिली असती तरी ती नजर आता माझ्याकडे वळणार नव्हती. बाईने तोंड धुवायला तांब्याभर पाणी दिलं. मी तोंड धुतलं आणि आम्ही हिंगोलीकडे चालायला लागलो, ते दोघं पुढे आणि मी चार पावलं मागे.