सपाट देशातल्या शरयूकाकू

डीमन या डच गावात आमच्या इमारतीमागे कालव्यावर सायकलींचा एक लहानसा पूल आहे. शरयूकाकू तो ओलांडून कधी पुढे जात नसत. चढायच्या, पलीकडे उतरायच्या, वळून पुन्हा चढायच्या. सायकलवाले घंटी वाजवून वैतागायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. साडीवर मुलाचं जाड जाकीट, पायात बूट, आणि तोंडाने मराठीत काहीतरी पुटपुटणं. मी विचारलं, "काकू, काही हरवलंय का?"

"चढ हरवलाय गं," त्या म्हणाल्या. "अख्ख्या देशात मिळून मला एवढाच सापडला."

काकू भोरकडच्या डोंगरातल्या एका गावात शाळामास्तरीण होत्या. घर वर, शाळा खाली. सगळी नोकरी चढण्या-उतरण्यात गेलेली. नवरा गेल्यावर निखिलने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, त्यांना कायमचं इकडे आणलं. तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. सून रितिका दिल्लीची, वागायला गोड; पण घरात हिंदी आणि इंग्रजी. नातीला आजीचं मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र ती डचमध्ये द्यायची. "माझं तिच्यापर्यंत पोचतं, तिचं माझ्यापर्यंत येत नाही," काकू म्हणायच्या, "चालायचंच." मनाला लागलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे त्या हा एक शब्द ठेवून द्यायच्या. फक्त इथल्या सपाटपणाला त्यांनी तो कधी लावला नाही. खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या, "नजर कुठं टेकतच नाही गं इथं."

मीही पुण्याहून एकटीच आलेली, दिवसभर स्क्रीनसमोर. त्यामुळे शनिवारी आम्ही एकमेकींच्या असायचो. जवळच्या हार्लेम शहरातल्या कॅथेड्रलच्या घुमटापर्यंत चढता येतं, हे मी सहज बोलून गेले, तर पुढच्या शनिवारी काकू बूट घालून माझ्या दारात हजर. निखिल मुलीला पोहायच्या क्लासला घेऊन गेला होता. आम्ही ट्रेन पकडली.

जिना अरुंद आणि गोल फिरणारा. मध्येच मला धाप लागली. म्हटलं, "काकू, जरा बसू या."

"तू बस. माझ्या गुडघ्यांना किती दिवसांनी काम मिळालंय."

वर घुमटाभोवती सज्जा होता आणि भणाणता वारा. खाली लाल कौलं, कालवे. पश्चिमेला वाळूच्या टेकड्या आणि मागे समुद्राची करडी रेघ. एक डच जोडपं फोटो काढत होतं. काकू कठड्याला धरून पूर्ण फेरी मारून आल्या. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी जीव खाऊन हाक मारली, "ओऽऽऽ!"

जोडपं दचकलं. काकू मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मलाही कळलं, त्या कशाची वाट बघताहेत ते. काहीच आलं नाही.

"आमच्याकडं शाळा सुटली की पोरं दरीत हाका मारायची," त्या म्हणाल्या. "समोरचा डोंगर एकेकाला उत्तर द्यायचा." आणि तिथेच भिंतीशी बसून त्या रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मी घरी जाते गं."

"हो, आत्ताची गाडी मिळेल आपल्याला."

"डीमनला नाही."

त्याच संध्याकाळी, माझ्यासमोरच, त्यांनी निखिलला सांगितलं. तो आधी चिडला, मग काकुळतीला आला. "आई, तिथे एकटी काय करशील?"

"इथंही एकटीच आहे रे. तिथं एकटं कसं राहायचं, ते मला येतं."

महिन्याभरात त्या गावी परतल्या. माझे शनिवार रिकामे झाले. फोन करायच्या तेव्हा धापा टाकत असायच्या; आवाजात मात्र हसू. "आत्ताच वर आले बघ." दोन वर्षं अशी गेली. या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या.

निखिल सगळं आटोपून परत आला, त्यानंतरच्या रविवारी दुपारी माझ्या दाराशी उभा. तो माझ्या घरी कधीच आला नव्हता. मी चहा ठेवला. 

"रोज ऑफिसला जाताना ट्राममधून आईला फोन करायचो," तो म्हणाला. "दहा मिनिटं. दिवसभरातलं माझं मराठी तेवढंच." मग संकोचून म्हणाला, "तू बोल ना काहीतरी. काहीही."